डंक्यावरची धूळ : लालबागमधल्या एका एम. टेक. प्रकल्पाच्या नोंदी

या नोंदी एम. टेक.च्या दुसऱ्या सत्रातल्या. ‘डिझाइन मॅनेजमेंट अँड इनोव्हेशन’ या विषयात खरं गिऱ्हाईक, खरी जागा आणि ठरलेल्या पैशांत एक वस्तू शेवटपर्यंत न्यायची असते. आम्ही मसाला कांडायच्या डंक्यातून उडणारी मिरचीची धूळ निवडली. पुढे कोणी असाच छोट्या धंद्यातला विषय घेणार असेल, तर आमचे पैसे आणि आठवडे कुठे गेले ते आधीच कळावं म्हणून हे लिहिते आहे.

27 जानेवारी 2025, सोमवार

विषय मंजूर झाला. गट तिघांचा: मी मेकॅनिकलची, एक प्रॉडक्शनवाली, एक इलेक्ट्रॉनिक्सवाला. मंजूर रक्कम 40,000 रुपये. वेळापत्रक भिंतीवर लावलं: फेब्रुवारी-मार्च निरीक्षण, एप्रिल कल्पना, मे नमुना, जून-जुलै जागेवर चाचणी. मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, “गल्लीत जाऊन आलात का?” गेलो नव्हतो.

8 फेब्रुवारी, शनिवार

पहिली फेरी. मी डोंबिवलीहून निघते. करी रोडला फास्ट लोकल थांबत नाही, म्हणून दादरला उतरून स्लो पकडायची. स्टेशनातून बाहेर पडून लालबागच्या मिरची गल्लीकडे वळलं की पाटी वाचायची गरज पडत नाही, नाकच सांगतं.

डंका असा असतो. जमिनीत बसवलेलं लोखंडी उखळ, त्यावर उभं लोखंडी मुसळ. वर मोटर, पट्टा आणि शाफ्टवर कॅम. कॅम मुसळ उचलतो आणि सोडतो, ते आपल्या वजनाने खाली पडतं. वरखाली होताना मुसळ हलू नये म्हणून ते एका आडव्या लाकडी फळीच्या भोकातून जातं. समोर पाटावर बसलेल्या मावशी दोन घावांच्या मध्ये लांब दांड्याच्या पळीने कडेची मिरची आत ढकलतात. तो ठेका त्यांच्या हातात आहे, मुसळाकडे त्या बघतही नाहीत.

ज्यांच्याकडे आम्ही काम करणार, त्या मावशींना वेळापत्रक सांगितलं. “जूनमध्ये कोण येतंय गं पोरी?” त्या म्हणाल्या. “मिरची कडक उन्हात वाळल्याशिवाय कुटत नाहीत. होळी झाली की गर्दी सुरू, आणि पाऊस आला की डंका गप्प. तू जूनमध्ये आलीस तर चहा पाजीन तुला.”

म्हणजे आमच्या चाचणीचे दोन्ही महिने डंका बंद असणार. परतीच्या गाडीत वेळापत्रक उलटं मांडलं. 31 मे हा शेवट धरून मागे मोजत आलो, तर पहिला नमुना मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गल्लीत हवा होता. हातात चारच आठवडे. निरीक्षणाला दोन महिने द्यायचे ठरवले होते, त्यातले दोन आठवडे उरले. धंद्याचा हंगाम न विचारता केलेलं वेळापत्रक फाडावं लागतं, हे आम्ही बारा दिवसांत शिकलो.

त्या दिवशी मी 63 फोटो काढले. पुढे त्यांचं काम पडणार होतं.

22 फेब्रुवारी, शनिवार

पाच कल्पना, सहा निकष. स्टुअर्ट प्यू यांच्या पद्धतीचा तक्ता केला: एक पर्याय आधाराला धरायचा आणि बाकीच्यांना त्याच्या तुलनेत अधिक, उणे किंवा सारखे म्हणायचं. आम्ही त्यात प्रत्येक निकषाला महत्त्वाप्रमाणे वजनंही दिली. धूळ किती कमी होते याला सगळ्यात जास्त, किमतीला मध्यम, साफसफाईला कमी. वर हूड आणि पंखा असलेला एक्झॉस्ट पहिला आला.

वजनं आम्ही तिघांनी वर्गात बसून ठरवली. मावशींना एकदाही विचारलं नाही. मॅडमनी तक्त्याखाली सही केली, पण शेजारी पेन्सिलने लिहिलं: “ही वजनं कोणाची?” आम्ही ते वाचलं आणि पुढे गेलो.

8 मार्च, शनिवार

एक्झॉस्ट लावला. पत्र्याचा हूड, पंखा, नळी, फिल्टरची गादी, सगळं मिळून 7,400 रुपये. हूडचा पत्रा नागदेवी स्ट्रीटच्या बाजूने आणला, वाकवून कुर्ल्यात घेतला. पत्र्याच्या दुकानदाराने पक्कं बिल दिलं. वाकवणाऱ्याकडे बिल नव्हतं, ते 900 रुपये आमच्या खिशातून गेले.

पहिली दहा मिनिटं धूळ खरंच कमी दिसली. विसाव्या मिनिटाला पंख्याचा आवाज बदलला. गादी काढली तर तिच्यावर लाल चिकट थर. मिरचीची धूळ पिठासारखी कोरडी नसते, तिच्यात तेल असतं. ती झटकून पडत नाही, बसते.

त्याहून मोठी गोष्ट पुढे झाली. एका काकूंनी चार किलो माल आणला होता, कुटून झाल्यावर तोलला तर 110 ग्रॅम कमी. एरवी थोडी घट धरलेलीच असते, पण एवढी नाही. काकू म्हणाल्या, “बेडगी मी स्वतः निवडून, देठ खुडून आणलीय. माझा मसाला तुमच्या नळीत गेला.” खरंच गेला होता, आणि सगळ्यात बारीक, सगळ्यात रंगाचा भाग गेला होता. डंक्याच्या मालकांना खाली बघावं लागलं. आम्ही 150 रुपये भरून दिले. काकूंनी ते घेतले, पण गेल्या त्या नाराजच.

नळीतलं परत काढून देता आलं नसतं का? नाही. आधीच्या गिऱ्हाइकाची लवंगी मिरची त्याच नळीतून गेली होती. एकाचा मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात जाता कामा नये, हा गल्लीतला पहिला नियम. आमच्या सहा निकषांत घट नव्हती आणि मिसळणंही नव्हतं.

संध्याकाळी तक्ता मावशींपुढे ठेवला आणि वजनं त्यांना द्यायला लावली. त्यांचा क्रम असा: घट नको, मिसळ नको, पळी अडायला नको, धुवायला सोपं हवं. धूळ पाचवी. “धुळीची सवय आहे,” त्या म्हणाल्या. हे ऐकून मला बरं वाटलं नाही, कारण बोलता बोलताच त्या दोनदा खोकल्या. पण क्रम त्यांचाच धरला. त्या क्रमाने एक्झॉस्ट शेवटचा आला.

15 मार्च, शनिवार

काल धुळवड, आज गल्ली भरलेली. मोजणीचा दिवस.

लॅमिंग्टन रोडवरून पीएमएस 5003 हा लेझरवर चालणारा धूळ मोजायचा सेन्सर 1,850 रुपयांना घेतला होता. त्यात छोटा पंखा हवा आत ओढतो. उखळापासून हातभर अंतरावर ठेवला. आकडा वर जाऊन अडकला तो अडकलाच. घरी आणून स्वच्छ हवेत लावला तरी खाली येईना. आत तेलकट धूळ बसली होती. सेन्सर गेला.

मग कागदाची युक्ती केली. ए-फोर कागद 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलायचा, उखळापासून एक मीटरवर पंधरा मिनिटं ठेवायचा, परत तोलायचा. पहिल्या दिवशी छान आकडे आले. दुसऱ्या शनिवारी हवा दमट होती, तर डंका सुरू व्हायच्या आधीच कागदाचं वजन वाढलेलं. कागद ओल पितो, आणि पाच ग्रॅमच्या कागदात एक टक्का ओल म्हणजे 0.05 ग्रॅम. आमची धूळही तेवढीच होती. दोन आठवड्यांची मोजणी रद्द. त्यानंतर अॅल्युमिनियमच्या फॉइलचे पसरट ट्रे वापरले. फॉइल ओल घेत नाही. मुंबईत काहीही बारीक तोलणार असाल तर कागद नको.

सोबत खोकले मोजले. दहा मिनिटांत मावशी आणि रांगेतली माणसं मिळून किती वेळा खोकली, एवढंच. मावशींना मोजमापांपैकी हे एकच पटलं.

29 मार्च, शनिवार

उद्या पाडवा. तीन मिलिमीटर अॅक्रिलिकची पेटी, समोर पळीसाठी फट. 3,200 रुपये. पारदर्शक असल्याने आतलं दिसेल असं वाटलं होतं. पाच मिनिटांत आतून लाल झाली. डंक्याच्या धक्क्यांनी स्क्रूच्या भोकांपासून तडे निघाले आणि पाऊण तासात एक कोपरा सुटला. उखळाच्या आत नाही, बाहेर पडला. आत पडला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी रात्रभर करत होते. कडक आणि फुटणारं काहीही उखळाच्या वर नको, हे त्या दिवशी पक्कं झालं.

फटीमुळे पळीचा ठेकाही चुकत होता. मावशींनी मुसळाकडे बघून पळी घालायला सुरुवात केली. ज्या हाताला बघावं लागत नव्हतं त्याला आम्ही बघायला लावलं. त्यांना काही झालं नाही, पण मी स्वतः डंका बंद करायला सांगितला.

पेटी पुसताना बोटं भाजायला लागली. नळाखाली धरली तर आग वाढली. मावशींनी खोबरेल दिलं. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी हात आधी नळाकडेच गेला.

5 एप्रिल, शनिवार

गल्लीत गेले नाही. 12,000 च्या वर खर्च झाला होता आणि हातात काही नव्हतं. पहिल्या फेरीचे 63 फोटो पुन्हा बघत बसले.

सतराव्या फोटोत मुसळाभोवती एक जुनं पातळ (साडी) गुंडाळलेलं दिसलं, निळं, विरलेलं. फेब्रुवारीत मी तो फोटो काढला तेव्हा ते मला कुठेतरी लटकलेलं फडकं वाटलं होतं. चार फोटोंत ते होतं. चारही लवंगी कुटतानाचे.

मावशींना फोन केला. “हो, लवंगी असली की बांधते. डोळ्यांत जाते ना. बेडगीला नाही लागत.”

आम्हाला वर्गात पीटर गॉर्ब आणि अँजेला ड्यूमा यांचा 1987 चा ‘सायलेंट डिझाइन’वरचा लेख लावला होता. जी माणसं स्वतःला डिझायनर म्हणवत नाहीत तीच रोज डिझाइनचे निर्णय घेत असतात, असं त्यात आहे. मी त्यावर परीक्षेत उत्तर लिहून गुण घेतले होते. आणि समोर बांधलेलं पातळ मला दोन महिने दिसलं नाही.

12 एप्रिल, शनिवार

कापडाची पहिली बाही. वरचं तोंड मुसळाला नाडीने बांधलं, खालचं उखळावर ठेवलेल्या स्टीलच्या कडीला. कापड मलमल. धूळ मलमलीतून सरळ बाहेर आली.

मग मांजरपाट हे जाडसर सुती कापड घेतलं. धूळ कापडातून यायची थांबली, पण पळीच्या फटीतून प्रत्येक घावाला लाल फुंकर बाहेर येऊ लागली, थेट मावशींच्या तोंडावर. आधीपेक्षा वाईट. शिवाय बाहीची कड मुसळ आणि फळीच्या मध्ये सापडून फाटली आणि दोन किलो मसाल्यात सुताचे धागे गेले. तो सगळा मसाला टाकला. 1,600 रुपये भरून दिले आणि त्या ताईंच्या घरी जाऊन माफी मागितली. वर्षभराचा मसाला असतो तो.

19 एप्रिल, शनिवार

फुंकर का येते ते कागदावर काढलं. बाही मुसळाला बांधली की मुसळाबरोबर कापडाचं वरचं तोंडही खाली येतं. बाहीचा व्यास 25 सेंटिमीटर, मुसळाची उडी 18 सेंटिमीटर. म्हणजे दर घावाला जवळजवळ 8.8 लिटर हवा बाहेर ढकलली जाते. आम्ही लोहाराचा भाताच बनवला होता.

मग मावशींचं पातळ कसं चालत होतं? सतरावा फोटो मोठा करून बघितला. गाठ मुसळाला नव्हती. गाठ वरच्या आडव्या फळीला होती. पातळ जागच्या जागी राहतं आणि मुसळ त्यातून नुसतं सरकतं. 5 सेंटिमीटर जाडीचं मुसळ 18 सेंटिमीटर सरकलं तर हवा हलते 0.35 लिटर. पंचविसाव्या हिश्श्याएवढी.

मावशींना विचारलं, फळीलाच का बांधलं. “मुसळाला बांधून बघितलं होतं की. तोंडावर फुसकन येतं. मग वर बांधलं.” त्या आमच्याच पायऱ्या आमच्या आधी चढून गेल्या होत्या. फेब्रुवारीत एक प्रश्न विचारला असता तर दोन महिने आणि साधारण 14,000 रुपये वाचले असते.

26 एप्रिल ते 3 मे

आता काम भराभर झालं. जी दुरुस्ती झाली ती अशी. बाही फळीला चार हुकांवर टांगलेली. मुसळासाठी वरचं भोक मुसळापेक्षा 4 सेंटिमीटर मोठं आणि कड बाहेरच्या बाजूला दुमडून दुहेरी शिवलेली, म्हणजे धागा सुटला तरी आत पडत नाही. खाली 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची कडी. पहिली कडी 1,000 रुपयांना केली ती अर्धा इंच लहान निघाली, कारण उखळाचं तोंड गोल नाही, वर्षानुवर्षं घासून लंबगोल झालंय. दुसरीच्या आधी पुठ्ठ्यावर छाप घेतला. ती 900 ला.

पळीच्या फटीवर एकमेकांवर येणारे दोन पदर. समोर काही पारदर्शक नाही. मावशी म्हणाल्या त्यांना बघायची गरज नाही, आवाजावरून कळतं: कोरा घाव टणकन वाजतो, मसाला बारीक झाला की मऊ.

एक चूक इथेही झाली. सहा बाह्या एकदम शिवून घेतल्या आणि कोरं मांजरपाट पहिल्या धुण्यात आटलं. सहाच्या सहा कडीवर चढेनात. कापड आधी दोनदा धुऊन, वाळवून मगच बेतायचं. गल्लीच्या तोंडावरच्या शिंप्याने हे मला पहिल्यांदाच सांगितलं होतं, मला घाई होती.

घटीचं उत्तरही कापडातच मिळालं. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी बाही. कुटून झालं की ती बाही त्यांच्याच परातीत झटकायची. जे चिकटतं ते चिकटतं, पण बरंचसं परत मिळतं, आणि ज्याचं त्याला मिळतं. एका बाहीला कापड 80 आणि शिलाई 60, म्हणजे 140 रुपये. सहा बाह्या आणि एक कडी मिळून एका डंक्याचा पूर्ण संच 1,740 रुपयांत.

9 मे, शुक्रवार

संस्थेत प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. पोस्टर छापून झालं होतं, टांगायच्या आधी मॅडमनी थांबवलं. डिझाइन्स अॅक्ट, 2000 खाली नोंदणी करायची तर अर्जाआधी डिझाइन उघड झालेलं चालत नाही. नोंदणी मिळाली तर दहा वर्षं, पुढे पाच वाढवता येतात. आम्हाला हे माहीत होतं, पण पोस्टर म्हणजे उघड करणं हे डोक्यात आलं नव्हतं. तुम्हाला नोंदणी करायची असेल तर अर्ज आधी, पोस्टर नंतर.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: “यातलं मूळ कोणाचं?” फळीला बांधायची कल्पना मावशींची, आणि गल्लीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कित्येक वर्षं चालू असलेली. जे आधीपासून उघड वापरात आहे त्यावर 1970 च्या कायद्याखाली पेटंट मिळत नाही. आमचं म्हणता येईल असं म्हणजे हुक, दुमड, कडी आणि बाही बदलण्याची पद्धत. गटात वाद झाला. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला नोंदणी हवी होती, बायोडेटात दिसते, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण शेजारच्या डंकेवाल्याने उद्या असंच शिवून घेतलं तर आम्ही त्याला अडवणार का? अडवायचं नाही हे तिघांनाही मान्य होतं. मग नोंदणी कशासाठी? अर्ज केला नाही. पोस्टरवर मूळ रचनाकार म्हणून मावशींचं नाव, त्यांना विचारून, पहिल्या ओळीत घातलं आणि मगच टांगलं.

21 मे, बुधवार

काल संध्याकाळी वळवाचा जोरदार पाऊस झाला. आज गल्लीत रेटारेटी, ज्यांची मिरची वाळलेली होती ते सगळे एकदम आले. चाचणी चालू ठेवली. 40 गिऱ्हाइकांची मोजणी करायची होती, आजपर्यंत 17 झाली. बाहीशिवाय दहा मिनिटांत सरासरी 34 खोकले, बाहीसकट 11. घटीवरून तक्रार एकही नाही.

26 मे, सोमवार

मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याचं हवामान विभागाने जाहीर केलं. नेहमीची तारीख 11 जून. त्याआधीच्या 75 वर्षांत तो मुंबईत इतक्या लवकर आला नव्हता. गाड्या रखडल्या, मी ठाण्यावरून परत फिरले. मालकांचा फोन आला: पट्टा उतरवून ठेवला. पाच दिवस हातात धरले होते, ते गेले. मोजणी 19 वर थांबली.

13 जून, शुक्रवार

शेवटचं मूल्यमापन. एकूण खर्च 20,860 रुपये: एक्झॉस्ट 7,400, सेन्सर 1,850, अॅक्रिलिक 3,200, कापड-शिलाई 2,460, दोन कड्या 1,900, मसाल्याची भरपाई 1,750, प्रवास आणि छपाई 2,300. भरपाई आणि बिल नसलेले 900 परत मिळणार नाहीत. भरपाईसाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ ठेवा. लोकांच्या मालावर प्रयोग करायचा तर तो खर्च येणारच.

परीक्षकांनी 40 ऐवजी 19 का, हे विचारलं आणि गुण कापले. योग्यच होतं. एकाने विचारलं की शेवटी कापडाची बाही हीच वस्तू, तर यात अभियांत्रिकी काय? मी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या, मुसळाला बांधलेली आणि फळीला बांधलेली, आणि 8.8 आणि 0.35 लिहिलं. त्यांनी पुढचा प्रश्न मावशींबद्दल विचारला.

22 जून, रविवार

मापं आणि बेतणीचा कागद मालकांकडे आणि शिंप्याकडे देऊन आले. डंका बंद, पाटावर बारदान टाकलेलं. मावशींनी कबूल केल्याप्रमाणे चहा पाजला. बाह्या धुऊन, घड्या घालून ठेवलेल्या होत्या. सहापैकी दोघींवर पळीची फट उजवीकडून उसवून डावीकडे शिवलेली. मी बघत राहिले तेव्हा त्या म्हणाल्या, “दुपारी उजवा हात भरून येतो, मग डाव्याने ढकलते. उरलेल्या चारपैकी एकीलाच कर, बाकी राहू देत.”

बेतणीच्या कागदावर डावी फट काढून घेतली. सहांत तीन डाव्या, तीन उजव्या.